परभणीत महापौर कसा निवडावा (नवशिक्यांसाठी)

पायरी पहिली: आपला पत्ता वाचा

नवा मिक्सर घरी आला की सोबतची पुस्तिका आधी वाचायची असते, आणि आपण ती कधीच वाचत नाही. महापौराच्या बाबतीत हा हलगर्जीपणा करू नका. सुरुवात सोपी आहे. आधार कार्ड काढा, उलटं करा आणि मागचा पत्ता मोठ्यानं वाचा.

पत्त्यात पिंगळी, झरी किंवा जांब असं काही असेल तर तुमचं काम झालं. गावचा सरपंच तुम्ही स्वतः बटण दाबून निवडता. पत्त्यात सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, मानवत, पूर्णा किंवा सोनपेठ असेल तरी हरकत नाही. तिथला नगराध्यक्ष लोकच निवडतात. डिसेंबर 2025 मध्ये तुम्ही निवडलाही असेल. हा थेट निवडीचा हक्क नगरपालिकांना 2016 साली पुन्हा मिळाला, 2020 साली गेला, 2022 साली परत आला. सरपंचाचं तसंच. 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत. माहेरवाशिणीसारखं त्याचं येणं-जाणं चालू असतं. तेव्हा मतदानाच्या आदल्या रात्री तो घरी आहे ना, एवढी चौकशी करून घ्यावी.

आता तुमच्या पत्त्यात नानलपेठ, वसमत रोड, जिंतूर रोड असं असेल, म्हणजे तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी, 2011 च्या जनगणनेत तीन लाखांवर वस्ती भरलेल्या, 1 नोव्हेंबर 2011 पासून महानगरपालिका असलेल्या खुद्द परभणी शहरात राहत असाल, तर तुम्हाला महापौर निवडता येत नाही.

पुस्तिका खरं तर इथंच संपायला हवी. पण एवढ्यावर थांबलो तर छापणारा पैसे देणार नाही, आणि तुम्हीही ऐकणार नाही. दर निवडणुकीत चहाच्या टपरीवर ‘यंदा महापौर कोणाला करायचं’ हा प्रश्न असा काही चर्चिला जातो, जणू पंचांची बैठक उठली की शिपाई निकाल घेऊन महापालिकेत जाणार आहे. तेव्हा पुढं वाचा.

परभणीकर म्हणून तुम्हाला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ठाऊक असेलच. म्हणून एक तुलना देऊन ठेवतो. त्या जर्मनीत बहुतेक शहरांचे महापौर लोकांच्या थेट मतानं ठरतात. म्हणजे या एका बाबतीत जर्मनी आपल्या पुढं गेली. पण खचू नका. बर्लिनचा महापौर मात्र तिथल्या सभागृहातले निवडून आलेले सदस्य निवडतात. आपली पद्धत तीच. आपली बरोबरी किरकोळ गावांशी नसून थेट राजधानीशी आहे, असं पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

पायरी दुसरी: उमेदवाराची ओळख पटवा

महापौर नगरसेवकांतून होतो, म्हणून आधी नगरसेवकाचं वाण ओळखता आलं पाहिजे. त्याच्या दोन जाती आहेत: माजी आणि भावी. चालू नगरसेवक ही जात मध्ये जवळजवळ चार वर्षं परभणीतून नाहीशीच झाली होती, त्याबद्दल पुढं येईलच.

दोन्ही जाती फ्लेक्सवर उगवतात. फ्लेक्स वाचायची रीत शिकून घ्या, ती पुढं पाच वर्षं कामाला येते. सगळ्यांत वर डोकी असतात ती नेत्यांची. ती मोजू नका, त्यांचा क्रम पाहा. मागच्या दिवाळीला वरच्या ओळीत असलेलं डोकं या दिवाळीला गायब असेल आणि त्या जागी दुसरंच आलं असेल, तर उमेदवाराचे विचार बदलले आहेत. मध्यभागी कमरेपर्यंतचा मोठा फोटो असतो तो उमेदवाराचा, आणि खाली तिकिटाच्या आकाराचे तीस-चाळीस चेहरे असतात ते मित्रमंडळाचे. या खालच्या ओळीतले अर्धे लोक पुढच्या खेपेला स्वतः मधल्या जागेवर येतात. रोपवाटिकाच म्हणा. कृषी विद्यापीठ असलेल्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही.

जागा महिलांसाठी राखीव असेल, आणि निम्म्या जागा असतातच, तर फ्लेक्स वाचताना थोडी जास्त काळजी घ्या. नाव ‘सौ.’पासून सुरू होतं, पण हात जोडून उभा असतो तो पुरुष. बाईंचा फोटो कोपऱ्यात, पदर डोक्यावर घेतलेला. अशा वेळी नवशिक्याचा गोंधळ होतो की अर्ज नक्की कोणी भरला. उपाय साधा आहे. उमेदवाराचं शपथपत्र काढून वाचा.

शपथपत्र हा या खेळातला एकमेव भाग आहे जो तुमच्यासाठी लिहिलेला असतो, आणि त्याचं वाचन सगळ्यांत कमी होतं. त्यात शिक्षण असतं, मालमत्ता असते, कर्ज असतं, कोर्टात काही चालू असेल तर तेही असतं. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलांमुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर निवडणूकच लढवता येत नाही, म्हणून घरातली मुलंही मोजलेली असतात. आमच्या गल्लीत चौदा वर्षं एकमेकांच्या ताटातलं खाणाऱ्या दोन शेजाऱ्यांना एकमेकांच्या जमिनीचा आकडा पहिल्यांदा शपथपत्रातूनच कळला, कारण दोघंही उभे होते. त्यानंतर ताटं वेगळी झाली. तरीपण वाचा.

पायरी तिसरी आणि चौथी

या पायऱ्या छपाईच्या चुकीनं गळालेल्या नाहीत. 2017 साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे 2022 मध्ये संपली आणि पुढचं मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं. मधल्या काळात प्रभागांची रचना आणि ओबीसी आरक्षण या दोन गोष्टींचं कोर्टात काय व्हायचं ते होत राहिलं. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं चाकं फिरली.

तोवर शहराला महापौर नव्हता, उपमहापौर नव्हता, पासष्टपैकी एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होता. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत नवशिक्यानं जे करायचं ते एवढंच: वाट पाहणे. याच काळात अठरा पूर्ण झालेली आमच्या घरातली पोरगी एकदा विचारत होती, ‘‘काका, महापौर म्हणजे कलेक्टरच्या हाताखाली असतो का?’’ तिला हसू नका. तिनं जाणत्या वयात महापौर पाहिलेलाच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर रस्त्यावर फिरताना फरक फारसा कळत नव्हता. धूळ होती तेवढीच होती. हे वाक्य महापौरांच्या बाजूचं आहे की प्रशासकाच्या, ते मी मुद्दामच सांगत नाही.

पायरी पाचवी: बटण दाबा. मग आणखी तीन दाबा

विधानसभेला मत दिलेला माणूस महापालिकेच्या बूथवर नवशिकाच असतो. तिथं एक मत, इथं चार. परभणीत पासष्ट जागा आहेत आणि एका प्रभागातून साधारण चार जण निवडून जातात. पासष्टला चारनं भाग जात नसल्यामुळे कुठंतरी एखादा कमी-जास्त. मुंबईकराला मात्र एकच बटण. मुंबईची माणसं घाईत असतात हे सरकारलाही माहीत आहे.

चार जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात आणि मतपत्रिकेचे रंगही वेगळे: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. यात कुठला रंग कोणत्या पक्षाचा, असा अर्थ काढत बसू नका. आमच्या एका ज्येष्ठांनी काढला होता. प्रत्येक जागेचं एक बटण दाबायचं. चारही जागांची मतं झाल्याशिवाय मशीन शेवटची शिट्टी देत नाही. पहिलं बटण दाबून समाधानानं बाहेर निघालेल्या म्हाताऱ्याला आतून तीन-तीन माणसं ‘‘मामा, अजून तीन ऱ्हायले, मामा!’’ म्हणून हाका मारतात, हे दृश्य दर निवडणुकीत दिसतं. विधानसभेला बटण दाबल्यावर काचेमागं चिठ्ठी दिसते, इथं ती शोधू नका. महापालिकेच्या मतदानाला ते यंत्र नसतं. 2026 ला बोटावर बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर पेननं खूण केली आणि ती पुसली जाते का, यावर राज्यभर दिवसभर बोटं घासून झाली.

कोणीच पसंत नसेल तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण चारही ठिकाणी असतं. त्याला कमी लेखू नका. राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे स्थानिक निवडणुकीत या बटणाला एक काल्पनिक उमेदवार मानतात. त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेवर कोणी विजयी होत नाही, पुन्हा निवडणूक घ्यावी लागते. ना फ्लेक्स, ना भोंगा, ना संक्रांतीचं वाण वाटणं. इतक्या कमी खर्चात उभा राहणारा दुसरा उमेदवार नाही. महापौर मात्र त्याला होता येत नाही.

‘पॅनल टू पॅनल’ हा शब्द या पायरीवर तुमच्या कानावर पडेल. म्हणजे चारही बटणं एकाच पक्षाची दाबा, डोकं चालवू नका. त्याच पॅनलमधला ‘ब’चा उमेदवार रात्री साडेदहाला हळूच येऊन ‘‘बाकीच्या तिघांचं तुम्ही बघा, माझं तेवढं लक्षात ठेवा’’ असं सांगून जातो, तेव्हा पॅनल म्हणजे काय ते पूर्ण समजतं.

न्यूयॉर्कमध्ये 2021 पासून पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या फेरीत लोक महापौरपदासाठी पाच नावांपर्यंत पसंतीचा क्रम लावू शकतात: हा पहिला, तो नाही तर हा दुसरा, असं करत. लंडनच्या माणसाला 2000 सालापासून दोन पसंत्या देता येत. 2024 ला त्याही एकावर आणल्या. आपल्याकडंही उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातले मतदार महापौर थेट निवडतात. परभणीकराला मिळतात चार बटणं, चार रंग आणि चार मतं. पण महापौरासाठी त्यातलं एकही नाही. हिशेब चुकलेला नाही, तो असाच आहे.

पायरी सहावी: तेहतीसचं गणित

पासष्टच्या निम्म्याहून जास्त म्हणजे तेहतीस. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण परभणीत आजवर एकाही पक्षाला तो एकट्यानं गाठता आलेला नाही. 2012 च्या पहिल्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे 30 आले, काँग्रेसचे 23. महापौर राष्ट्रवादीचा झाला. 2017 ला काँग्रेसचे 31 आले, राष्ट्रवादी 18 वर आली. महापौर काँग्रेसचा झाला. 2026 ला शिवसेनेच्या ठाकरे गटाला सगळ्यांत जास्त म्हणजे 25 जागा मिळाल्या. म्हणजे कधी तीन कमी, कधी दोन कमी, कधी आठ कमी.

तेव्हा नवशिक्यानं एक ध्यानात घ्यावं. परभणीचा महापौर ठरतो तो जिंकलेल्या पंचवीस-तीस जणांमुळे नव्हे, तर कमी पडलेल्या दोन-तीन किंवा आठ जणांमुळे. जास्तीच्या मतांनी निवडून आलेल्या बिनीच्या नगरसेवकाला कोणी विचारत नाही. पण तेरा मतांनी कसाबसा निवडून आलेला अपक्ष निकालाच्या संध्याकाळी घरी सापडत नाही. त्याचा फोन बंद लागतो. त्याच्या बायकोला तो कुठं गेला ते माहीत नसतं. आईला माहीत असतं, पण ती सांगत नाही.

इथं नवशिक्यांचा एक लाडका गैरसमज आहे, तो काढून टाकतो. तुम्ही अमुक पक्षाला मत दिलं म्हणजे त्या पक्षाच्या महापौराला मत दिलं असं होत नाही. तुमचा नगरसेवक सभागृहात कोणाच्या नावानं हात वर करणार, हे त्याचा गटनेता ठरवतो, आणि गटनेत्याचं कोण ठरवतो ते परभणीत बसून कळत नाही. त्यासाठी मुंबईचं तिकीट काढावं लागतं.

पायरी सातवी: सोडत

लग्नाची रीत आपण सगळे जाणतो. आधी नवरा बघतात, मग मांडव घालतात. महापौराच्या बाबतीत 2026 ला मांडव आधी पडला, वऱ्हाड जेवून उठलं आणि मग नवरा कोणत्या प्रवर्गातला असावा याची चिठ्ठी काढली. मतदान 15 जानेवारीला, मोजणी 16 ला, आणि राज्यातल्या 29 महापालिकांत महापौरपद कोणासाठी राखीव याची सोडत मंत्रालयात 22 जानेवारीला.

म्हणजे प्रचारात ज्या कोणी तुम्हाला ‘‘आपला माणूस महापौर होणार’’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं, त्याला ते पद खुलं आहे, महिलेचं आहे की राखीव आहे हे त्या वेळी माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्या सहा दिवसांत राज्यात किती गुलालाची पोती उघडून पुन्हा शिवली गेली असतील, ते त्या गुलालालाच ठाऊक. नव्यानं शिकणाऱ्यांनी यावरून खुशाल असं धरावं की मतदानापूर्वी ठरलेला महापौर हा एक साहित्यप्रकार आहे.

पायरी आठवी: सहल

यात तुम्हाला करायचं काही नाही. तुमचा नगरसेवक मात्र काही दिवस दिसणार नाही. घाबरून पोलिसात जाऊ नका. तो सुखरूप आहे, खाऊनपिऊन आहे, फक्त फोन दुसऱ्याच्या खिशात आहे. परतल्यावर त्याचा चेहरा थोडा उजळलेला दिसेल. मराठीत या विधीला ‘सहल’ म्हणतात. शाळेतल्या सहलीत आणि हिच्यात फरक एवढाच की शाळेच्या सहलीला जायला वर्गणी द्यावी लागते.

ठरल्या दिवशी सभागृह भरतं. पीठासीन अधिकारी म्हणून बहुधा जिल्हाधिकारी बसतात. नावं वाचली जातात, नगरसेवक हात वर करतात, मोजणी होते. गुप्त मतदान नाही. हात दिसतो, म्हणून तो कोणाचा हे लपत नाही. तुम्ही आत बटण दाबलं ते कोणाला कळू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा होता. तुमच्या नगरसेवकाला तो आडोसा मिळत नाही. लोकशाहीत सगळ्यांत सुरक्षित जागा मतदाराची असते, असं मी म्हणतो ते यामुळे.

हार, पेढे, फटाके. हे झालं की महापौर निवडला गेला. अभिनंदन. तुम्ही घरीच होता.

निवडलेल्या महापौराचा वापर

महापौराची मुदत अडीच वर्षांची, सभागृहाची पाच. म्हणजे एका सभागृहात दोन महापौर मावतात. 2012 ते 2022 या दहा वर्षांत परभणीला चार झाले: प्रताप देशमुख, संगीता वडकर, मीना वरपुडकर आणि अनिता सोनकांबळे. ही चार नावं क्रमानं न अडखळता सांगणाऱ्या परभणीकराला माझ्याकडून एक प्लेट सुशीला. आजपर्यंत दोनच प्लेटा गेल्या, त्यातली एक महापालिकेतून निवृत्त झालेल्या माणसानं नेली, ती धरायची की नाही हा वाद आहे.

महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो. बरोबरी झाली तर त्याचं जादा मत चालतं. शहराचा पहिला नागरिक तो. पाहुणे आले तर हार त्याच्या हातून. पण फायलीवर सही करायची, कामाचा आदेश काढायचा, माणसं हलवायची हा अधिकार आयुक्तांचा, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. पैशाची दोरी धरलेली असते सोळा जणांच्या स्थायी समितीनं. महापालिकांचा कायदा 1949 चा आहे आणि त्यात महापौराला मान भरपूर दिला आहे. नवशिक्यानं मान आणि अधिकार यांतला फरक घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून समजून घ्यावा. सगळ्यांत आधी ताट त्याच्यापुढं येतं. भाजी कोणती करायची ते त्याला विचारत नाहीत.

नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

महापौर चालू होत नाही. दोष नाही, रचनाच अशी आहे. आयुक्तांकडं अर्ज द्या.

रस्त्याचं काम अर्ध्यात थांबलं. शेवटचा हप्ता तपासा. तुमचा नव्हे, ठेकेदाराचा.

मतदार यादीत नाव भलत्याच प्रभागात गेलं. ही तक्रार मतदानाच्या दिवशी दुपारी चारला करू नका. यादीचं प्रारूप आधी लागतं, हरकतींना मुदत असते. त्या मुदतीत जाणारा माणूस टेबलामागच्या लोकांना इतका अनपेक्षित असतो की ते उठून उभे राहतात.

नगरसेवक ओळख देत नाही. चार आहेत. तुम्ही कदाचित चुकीच्या ‘अ’कडं बघताय. प्रत्येक जण तुम्हाला दुसऱ्या तिघांपैकी एकाकडं पाठवील, आणि चौथ्या फेरीला तुम्ही पहिल्याच्या दारात पुन्हा उभे असाल. एका प्रभागात चार जण असण्याचा हा फायदा मी कोणाच्या भाषणात ऐकला नाही, पण तो सगळ्यांत टिकाऊ आहे.

नळाला पाणी येत नाही. ही तक्रार या यादीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळी पायरी आहे.

पायरी नववी: वॉल

आतापर्यंत जे शिकलात ते विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. महापौर तुम्हाला निवडायचा नाही हे एकदा पक्कं झालं की डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं. मग पक्ष, वरच्या ओळीतली डोकी, मुंबईत काय शिजतंय, हे सगळं बाजूला ठेवता येतं आणि दारात हात जोडून उभ्या असलेल्या माणसाकडं नीट बघता येतं. त्याला एकच प्रश्न विचारायचा.

परभणीत नळ रोज येत नाही, हे परभणीकराला सांगायला नको. पूर्णेवर येलदरीचं धरण आहे, खाली राहटीचा बंधारा आहे, नदीत पाणी असतं. पण टाकीतून आपल्या गल्लीत ते येतं एका लोखंडी वॉलमधून, आणि तो वॉल फिरवणारा वॉलमन नावाचा माणूस असतो. कोणत्या गल्लीला आधी, कोणत्या गल्लीला मागून, किती वेळ, हे तिथं ठरतं. आयुक्तांच्या केबिनपासून फार लांब, एका खड्ड्यात, झाकणाखाली.

तर प्रश्न हा: ‘‘साहेब, आमच्या गल्लीचा वॉल कुठं आहे?’’

उत्तराचे प्रकार ठरलेले आहेत. ‘‘निवडून आल्यावर रोज पाणी देऊ’’ म्हणणाऱ्याला वॉल माहीत नाही. ‘‘हे पाणी विरोधकांनी अडवलं’’ म्हणणाऱ्यालाही नाही. ‘‘वॉल? कोणता वॉल?’’ असं म्हणून जो शेजारच्या कार्यकर्त्याकडं बघतो तो निदान प्रामाणिक आहे. आणि एखादाच असा निघतो जो बोट करून सांगतो, ‘‘ते काय, त्या दुकानाच्या मागं, नाली हाय ना, तिच्या अलीकडं. झाकण तुटलंय त्याचं, फरशी ठिवलीय वरून.’’ त्यानं फरशीचा उल्लेख केला की समजा, माणूस तिथं वाकलेला आहे.

जानेवारीत मी हा प्रश्न आमच्याकडं आलेल्या प्रत्येकाला विचारला. चारही जागा धरून एकूण अकरा जण येऊन गेले. दोघांनी हात जोडूनच काढता पाय घेतला. एकानं मला तिळगूळ दिला आणि विषय बदलला. एका ताईंचे यजमान म्हणाले, विचारून सांगतो, आणि ते अजून विचारताहेत. फक्त एकाला वॉल माहीत होता. अपक्ष होता, ‘ड’ जागेवर, फिकट निळ्या कागदावर अगदी खालून दुसरा. त्याच्याकडं ना भोंगा होता ना फ्लेक्स. सायकलला पाटी बांधून फिरत होता. मी त्याला मत दिलं, घरातल्या चौघांनी दिलं, शेजारच्यांनी दिलं असं ते म्हणतात.

तो पडला. अनामत गेली. गल्लीत पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे विचारायला लोक आजही त्याच्याच दारात जातात.